किल्ली देण्याआधीचा कागद

पत्र असं आहे:

"नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६७. यजमान नाहीत. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून पुण्यात दुसरा एक छोटा फ्लॅट घेतला. त्याच्या भाड्यावर माझा घरखर्च चालतो. सोळा महिन्यांपूर्वी एजंटमार्फत एका कुटुंबाला दरमहा १८ हजार भाडं आणि ५० हजार डिपॉझिट ठरवून तो दिला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार केला, नोटरीचा शिक्काही घेतला. तो करार संपून पाच महिने झाले. पहिले दोन महिने भाडं येत राहिलं, नंतरचे तीन महिने एक रुपया नाही. फोन केला की 'डिपॉझिटमधून कापून घ्या' म्हणतात. जागा सोडण्याबद्दल विचारलं तर 'मुलांची परीक्षा होऊ द्या' म्हणतात. शेजारी म्हणतात लाइट तोडा, कुलूप बदला. भाचा म्हणतो बारा वर्षं राहिले तर घर त्यांचं होईल. मला रात्री झोप लागत नाही. हा फ्लॅट विकून, नऊ टक्के भाड्याची हमी देणाऱ्या एका बिल्डरकडे दुकानाचा गाळा घ्यावा का? कोणी सांगतं की कंपनी काढून मालमत्ता तिच्या नावावर केली की संरक्षण मिळतं. ते खरं आहे का?"

बाई, आधी जे अजिबात करायचं नाही ते सांगते. वीज तोडू नका, पाणी बंद करू नका, ते लोक बाहेर गेले असताना कुलूप बदलू नका, सामान जिन्यात ठेवू नका. शेजारी तुमच्या काळजीपोटी बोलतात हे मान्य, पण त्यांचा सल्ला तुम्हाला फिर्यादीच्या जागेवरून आरोपीच्या जागेवर नेऊन बसवेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे राहणाऱ्याचा वीज, पाणी यांसारखा अत्यावश्यक पुरवठा सबळ कारणाशिवाय तोडणं हा गुन्हा आहे. भाडं थकलं हे तुमच्या दृष्टीने कितीही सबळ कारण असलं तरी त्यावरचा उपाय वसुलीचा दावा आहे, मीटरची वायर काढणं नाही. कुलूप बदललंत तर त्याहून मोठी अडचण. विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली, ज्याला कायदेशीर मार्गाशिवाय जागेतून काढलं तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच निघत नाही. म्हणजे घर तुमचं असूनही कोर्ट त्यांना पुन्हा आत बसवू शकतं, आणि पुढच्या प्रत्येक तारखेला 'बाईंनी आम्हाला रस्त्यावर काढलं होतं' हे वाक्य तुमच्या विरोधात उभं राहील.

आता झोप उडवणारी ती बारा वर्षं. ही समजूत घराघरांत आहे आणि तुमच्या बाबतीत ती निराधार आहे. मुदत अधिनियमात बारा वर्षांची जी गोष्ट येते ती प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, त्याच्या संमतीशिवाय ठेवलेल्या ताब्याची. तुमच्या घरात हे कुटुंब तुमच्या परवानगीने आलं, तुम्हाला भाडं देत राहिलं, आजही डिपॉझिट तुमच्याकडे आहे हे बोलून दाखवतं. परवानगीने आलेल्याचा ताबा नुसता काळ उलटला म्हणून प्रतिकूल होत नाही. भाच्याला हे सांगा आणि निदान ही एक भीती मनातून काढून टाका.

ही भीती आली कुठून, तेही सांगते, कारण ती अगदीच हवेतून आलेली नाही. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. तो चुकवण्यासाठी मालक भाडेकरार न करता 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त वापराची परवानगी देणारा करार, करू लागले. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जागेत असलेल्या लायसेन्सींना, म्हणजे अशा परवानगीने राहणाऱ्यांना, थेट संरक्षित भाडेकरू मानलं गेलं. ज्यांनी तात्पुरती म्हणून जागा दिली होती त्यांच्या हातून ती कायमची गेली. त्यानंतर कित्येक घरं मालकांनी वर्षानुवर्षं कुलूपबंद ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. 'भाडेकरू ठेवला की घर गेलं' हे आपल्याकडचं वाक्य त्या पिढीचं आहे. पण ३१ मार्च २००० पासून १९९९ चा कायदा लागू झाला आणि चित्र बदललं. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत मिळवण्याचा वेगळा, जलद रस्ता त्याने मालकाला दिला. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांनी स्वीकारण्यासाठीचा नमुना आहे. तुमचं प्रकरण १९९९ च्याच कायद्याने चालेल.

हा रस्ता कोणासाठी खुला आहे, इथे तुमच्या पत्रातली खरी अडचण आहे. कलम ५५ सांगतं की लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण शिक्षेपेक्षाही मला याच कलमातली दुसरी ओळ महत्त्वाची वाटते: करार लेखी आणि नोंदवलेला नसेल तर ज्या अटींवर जागा दिली गेली त्याबद्दल राहणारा जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जाईल, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे उद्या त्यांनी 'अकरा महिने नाही, तीन वर्षं ठरली होती' किंवा 'आम्ही लायसेन्सी नाही, भाडेकरू आहोत' असा पवित्रा घेतला तर तो खोडून काढण्याचं ओझं तुमच्यावर आहे.

नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. एजंट लोक हे सांगत नाहीत, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो तो याच गोष्टीसाठी. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' असं त्यांनी तुम्हालाही सांगितलं असणार. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे सक्तीचं नाही, त्यावरून अकरा महिन्यांची ही पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानंतर करार अकरा महिन्यांचा असो की तीन, नोंदणी लागतेच. आणि वाचवलं काय? लीव्ह अँड लायसन्सवरचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे, तेही मुदतीतलं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. तुमच्या करारासाठी अकरा महिन्यांचं भाडं १ लाख ९८ हजार, ५० हजारांवरचं व्याज साधारण ४,५८३. त्यावर शुल्क होतं सुमारे ५०६ रुपये. शहरी भागातली नोंदणी फी १,००० रुपये. म्हणजे स्टॅम्प पेपर आणि नोटरीवर जो खर्च झाला त्यात हजारभर रुपयांची भर घातली असती तर आज तुमच्या हातात पक्का कागद असता. हे दुखावण्यासाठी लिहीत नाही, हे वाचणाऱ्या इतरांनी तरी आज आपापला करार कपाटातून काढून बघावा म्हणून लिहिते.

तुमच्या बाबतीत कलम ५५ मधले 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द आता कामाला लावायचे. पुरावा गोळा करा, आणि तो आजच करा, कारण संबंध बिघडले की लोक मेसेज पुसतात, फोन बदलतात. बँकेच्या पासबुकात दर महिन्याला आलेले १८ हजार, त्यांच्या खात्याच्या नावासकट. त्यांनी पाठवलेला प्रत्येक मेसेज, विशेषतः 'करार संपला हे माहीत आहे, परीक्षेपर्यंत थांबा' किंवा 'डिपॉझिटमधून कापा' अशा आशयाचा. हे मेसेज म्हणजे मुदत संपल्याची आणि भाडं थकल्याची त्यांनीच दिलेली कबुली आहे. त्यांनी हे सगळं फोनवरच बोलून टाकलं असेल तर शांत भाषेत एक मेसेज तुम्ही पाठवा: 'अमुक तारखेला आपलं बोलणं झालं, आपण असं म्हणालात, आपल्याकडे तीन महिन्यांचे ५४ हजार बाकी आहेत.' उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी तुमची बाजू लेखी झाली. मोबाइलवरचा मजकूर कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. पण मूळ फोन विकू नका आणि रिसेट करू नका. सोसायटीकडे दिलेलं पत्र, एजंटला दिलेल्या दलालीची पावती, नोटरीचा तो करार, सगळं एका फायलीत लावा. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवली नसेल तर तीही ऑनलाइन कळवून टाका. पोलीस आयुक्तांच्या आदेशाने ती मालकाची जबाबदारी असते, आणि ती पार पाडली नाही तर उद्या समोरची बाजू तेवढंच धरून बसेल.

मग नोटीस. वकिलामार्फत, नोंदणीकृत पोस्टाने, पोच पावतीसह. त्यात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात: मुदत संपल्याची तारीख, थकबाकीचा आकडा आणि जागा सोडण्याची तारीख. पुढे त्यांनी खात्यात पैसे भरले तर ते 'भाडं' म्हणून स्वीकारलं असं दिसू देऊ नका. मुदत संपल्यावर मालक गुपचूप भाडं घेत राहिला की 'त्यांनी करार पुढे चालू ठेवला' असा युक्तिवाद हमखास येतो. पैसे आले की त्याच दिवशी लेखी कळवायचं: ही रक्कम विनापरवाना वापराच्या नुकसानभरपाईपोटी, हक्क राखून स्वीकारली आहे.

कोर्टात जाण्याआधी एक प्रयत्न मात्र जरूर करा, कारण तुमच्या परिस्थितीत मला तो सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. त्यांना परीक्षेपर्यंत राहायचं आहे ना? मग तेवढ्याच मुदतीचा, दोन किंवा तीन महिन्यांचा, नवा लीव्ह अँड लायसन्स करार करायला सांगा, आणि तो नोंदवून घ्या. त्यात लिहा की आधीच्या करारातलं लायसन्स अमुक तारखेला संपलं, आजवरची बाकी इतकी, ती अशा हप्त्यांत फेडली जाईल, आणि नव्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी रिकामी जागा परत दिली जाईल. गरज पडली तर थकबाकीतला काही भाग सोडून द्यायची तयारी ठेवा. एखाद्या महिन्याचं भाडं सोडणं मनाला लागतं, मला कळतं, पण त्या बदल्यात हातात येतं ते पाहा. जुना, कच्चा कागद मागे पडतो आणि नोंदवलेल्या करारावर तुम्हाला कलम २४ लागू होतं.

कलम २४ काय देतं? मुदत संपल्यावर लायसेन्सीने जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो. नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखी ही वाट लांबलचक नाही. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लायसेन्सीला प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही तर अर्जातलं तुमचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणजे 'तोंडी वेगळंच ठरलं होतं' ही पळवाट बंद होते. आणि मुदत संपल्यानंतर जितके दिवस ते जागेत राहतील तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या दराच्या दुप्पट नुकसानभरपाई. तुमच्याकडे १८ हजारांच्या जागी ३६ हजार. आदेशाविरुद्ध अपील नाही, फक्त पुनरीक्षण अर्ज करता येतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, कार्यालयांत गर्दी असते, हे खरं आहे. तरीही ज्याच्याकडे नोंदवलेला करार आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्यांच्या वाट्याला येणाऱ्या काळात फार मोठा फरक पडतो.

ते नव्या कराराला तयार झाले नाहीत तर वेळ घालवू नका. आहे त्या कागदांवर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा की लघुवाद न्यायालयात दावा लावायचा, हे वकील तुमची फाइल बघून ठरवतील. दोन्हीकडे तुमची ताकद म्हणजे तो वर सांगितलेला पुरावाच असणार आहे.

पुढच्या वेळचं आता बोलते, कारण हा फ्लॅट पुन्हा भाड्याने द्यायचा आहे हे गृहीत धरून चालले आहे. करार ऑनलाइन नोंदवता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाची सोय आहे, आधारवरच्या बोटांच्या ठशांनी दोन्ही बाजू आणि साक्षीदार यांची ओळख पटते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लावावी लागत नाही. नोंदणी पूर्ण होऊन सूची दोनची (नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची) प्रत हातात आल्याशिवाय किल्ली द्यायची नाही. 'आज सामान आणतो, करार आठवड्यात करू' याला ठाम नकार. अधिकृत सेवा देणारा माणूस घरी येऊन हे काम करतो, तुमच्या वयात ती सोय घ्यावी.

करारात छापील मजकुरापलीकडे काय हवं, यावर मी आग्रही आहे. घरात कोण कोण राहणार त्यांची नावं. आधीच्या महिन्याच्या वीजबिलाचा आकडा आणि मीटरचं रीडिंग. पंखे, गीझर, कपाटं यांची यादी, आणि त्या दिवशी काढलेले फोटो दोघांच्या मोबाइलवर. मुदतीआधी सोडायचं असेल तर किती दिवसांची सूचना. सलग दोन महिने भाडं थकलं तर लायसन्स संपुष्टात येईल ही अट. मुदतीनंतरच्या वापरासाठी दुप्पट दर कायद्यातच आहे, तरी तो करारात लिहा. कायद्याचं कलम कोणी वाचत नाही, आपल्या सहीखालचा आकडा मात्र प्रत्येक जण वाचतो. आणि तुम्ही पूर्वसूचना देऊन घर बघायला येऊ शकता, हे कलम कधीच गाळू नका. लायसन्समध्ये कायदेशीर ताबा मालकाचाच राहतो, राहणाऱ्याला मिळते ती फक्त वापराची परवानगी. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ मधली लायसन्सची व्याख्या हीच आहे. मालकाने वर्षभर दारातही पाऊल टाकलं नाही तर हा भेद कागदावरच राहतो.

सोसायटीला आधी कळवा आणि कराराची प्रत द्या. भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जे भोगवटेतर शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश तसा आहे. कोणी महिना दोन-तीन हजार मागत असेल तर आदेशाचा हवाला देऊन लेखी विचारा.

पैशांच्या बाजूने बघितलं तर तुमचं डिपॉझिट कमी होतं. ५० हजार म्हणजे तीन महिन्यांचंही भाडं नाही, आणि आज थकबाकीच ५४ हजार आहे. भाडं थकल्यापासून नोटीस, वाट बघणं, अर्ज, यात चार-सहा महिने सहज जातात, त्यामुळे डिपॉझिट तेवढ्या काळाला पुरेल असं धरून ठरवावं. दुसरं, ती रक्कम खर्चू नका. वेगळी मुदत ठेव करून ठेवा. परत द्यायला पैसे नाहीत म्हणून मुदत संपलेल्या भाडेकरूला 'राहा अजून थोडे दिवस' म्हणणारे मालक मी पाहिले आहेत. डिपॉझिट आणि भाडं दोन्ही बँकेतून घ्या, रोखीने नको. आणि डिपॉझिट परत द्यायचं ते रिकामं घर बघून, किल्ली हातात घेऊन, त्याच वेळी.

भाडं हेच तुमचं निवृत्तिवेतन झालं आहे, म्हणून आणखी एक विनंती. निदान सहा महिन्यांचा घरखर्च भाड्याशिवाय निघेल इतकी रक्कम बाजूला असू द्या. ही ठेव असली की तुम्ही वाईट भाडेकरू नाकारू शकता, भांडणात घाई करत नाही, आणि तडजोड करायची तर स्वतःच्या अटीवर करता. आज तुमची झोप उडण्याचं निम्मं कारण हे आहे की त्या १८ हजारांवाचून किराणा अडतो, आणि समोरच्यालाही ते कळून चुकलं आहे.

करात एक दिलासा आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. आणि जे भाडं वसूलच होऊ शकलं नाही ते उत्पन्नात न धरण्याची सोयही नियमांत आहे. त्याला अटी आहेत. व्यवहार खरा असावा, भाडेकरूने जागा सोडलेली असावी किंवा त्याला काढण्यासाठी तुम्ही पावलं उचललेली असावीत, आणि वसुलीसाठी कायदेशीर कारवाई केलेली असावी किंवा ती करणं व्यर्थ होतं हे पटवता यावं. म्हणजे ती नोटीस इथेही उपयोगी पडते. सनदी लेखापालाकडे जाताना तिची प्रत न्या.

विमा आपल्याकडे घरमालक सहसा काढत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, पूर यांबरोबर, घर राहण्यायोग्य न राहिल्यामुळे बुडालेलं भाडंही तिच्यात धरलेलं असतं. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चाचा असतो, त्यामुळे हप्ता लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो. भाडेकरूने भाडं दिलं नाही तर ही पॉलिसी उपयोगाची नाही, हेही लक्षात असू द्या.

आता तो गाळा. माझं स्पष्ट मत: घेऊ नका, निदान या परिस्थितीत आणि या वचनावर तरी नाही. कलम २४ चा जलद रस्ता फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानाचा लायसेन्सी मुदतीनंतर बसून राहिला तर तुम्हाला न्यायालयातच जावं लागेल. म्हणजे ज्या त्रासातून सुटायला बघता आहात त्याच त्रासाच्या लांब वाटेवर स्वतःहून पाऊल टाकाल. आणि नऊ टक्क्यांची हमी? ती किती वर्षांची, कोणाची, आणि कुठल्या कागदावर? बऱ्याच अशा योजनांत गाळ्याची किंमतच चढी लावलेली असते आणि पहिली काही वर्षं तुमच्याच पैशांतला तुकडा 'भाडं' म्हणून तुमच्याकडे येत राहतो. हमीची वर्षं संपली, किंवा बिल्डरचाच हात आखडला, की रिकामा गाळा, त्याची देखभाल आणि त्याचा कर तुमच्या गळ्यात.

तरीही मन होत असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून स्वतः बघा, भाच्याला शेजारी बसवा. मंजूर नकाशे, पूर्ण करण्याची तारीख आणि ती किती वेळा वाढवून घेतली आहे, कोर्टात चालू असलेले वाद, जमिनीवरचा बोजा, सगळं तिथे असतं. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदवलेला विक्री करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तारखेला ताबा दिला नाही तर पैसे व्याजासह परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. भाड्याची हमी त्या नोंदवलेल्या करारात लिहून द्या असं बिल्डरला सांगा. तो जर 'ते वेगळ्या पत्रावर देतो' म्हणाला तर चहा न घेता उठा.

कंपनीबद्दल थोडक्यात सांगते. एका फ्लॅटसाठी कंपनी काढून संरक्षण मिळत नाही. लेखापरीक्षण, वार्षिक विवरणपत्रं, वेगळा कर आणि फ्लॅट कंपनीच्या नावावर करताना पुन्हा मुद्रांक शुल्क, एवढं सगळं मागे लागतं, आणि भाडेकरू तरीही जागेत तसाच राहतो. त्यापेक्षा मृत्युपत्र करा. सोसायटीत नामनिर्देशन केलंय म्हणून निवांत राहू नका. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने जागा सांभाळते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांनी सही केलेली हवी आणि त्यांना त्यातून काही मिळणार नाही असे ते असावेत. कोणी 'आत्ताच बक्षीसपत्र करून टाका' म्हणालं तर घाई नको. दिलेलं घर परत मिळवणं अवघड असतं, आणि तुमचं भाडं त्याच दिवशी थांबतं. करायचंच झालं तर तुमचा सांभाळ करण्याची अट त्यात लेखी घाला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं, सांभाळ न झाल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय देणारं कलम २३ तेव्हाच तुमच्या मदतीला येतं.

राहता राहिला वकिलाच्या फीचा प्रश्न. तुम्ही तो पत्रात विचारला नाहीत, पण तीन महिने भाडं नसताना तो मनात असणारच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साधा अर्ज द्या, सोबत नोटरीच्या कराराची प्रत, बँकेचा उतारा आणि मेसेजच्या छापील प्रती लावा. नोटिशीचा मसुदाही तिथले वकील करून देतील. त्यात थकबाकीचा आकडा टाकताना शेवटच्या वीजबिलाची बाकीही तपासून घ्या. ते बिल तुमच्याच नावावर येतं.